कॅलिफोर्नियाचा बदाम आणि मिलवॉकीची फटफटी

हैदराबादच्या बेगम बाजारात एखादी वस्तू का घेतली, याचं एकच उत्तर चालतं: स्वस्त पडली. निजाम अली खानांच्या बेगम, हमदा बेगम, यांनी व्यापाऱ्यांना ही जागा दिली म्हणतात, तेव्हापासून दुसऱ्या उत्तराची इथे कुणाला गरज पडलेली नाही. स्टीलचं पातेलं असो, राख्यांचा गठ्ठा असो की हळदीचं पोतं, किलोमागे आठ आणे सुटतात की नाही यावर तीन-तीन पिढ्यांची मैत्री टिकते किंवा तुटते. अशा बाजारात, 2025 च्या अर्थसंकल्पाआधी जेमतेम महिनाभर, ड्रायफ्रूटच्या एका पेढीसमोर 1868 सीसीची, तीन क्विंटल सतरा किलो वजनाची अमेरिकन क्रूझर येऊन उभी राहिली. हार्ले-डेव्हिडसन, मॉडेल फॅट बॉय. किंमत पंचवीस लाखांच्या घरात, आणि घासाघीस शून्य. गल्लीची झोप उडाली ती किमतीनं नव्हे, घासाघीस शून्य यानं.

त्यात पेढी बदामाची. आपल्याकडे खपणारा बदाम बहुतांशी कॅलिफोर्नियातून येतो, तसाच या पेढीवरही येतो, पेट्यांनी येतो आणि नांदेड, उदगीर, बिदर, झहीराबादच्या गिऱ्हाइकांबरोबर पोत्यांनी जातो. पण ओळखीच्या माणसानं घरी न्यायला बदाम मागितला की शेठ आवाज खाली आणतात. मागच्या डब्यातून इराणी ममऱ्याचे चार दाणे काढतात. एक ममरा आणि एक कॅलिफोर्निया शेजारी शेजारी वर्तमानपत्रावर ठेवतात आणि शंभर ग्रॅमच्या मापानं दोन्ही चेचतात. ममऱ्याखालचा कागद तेल पिऊन पारदर्शक होतो, पलीकडच्या पानावरचं राशिभविष्य दिसू लागतं. कॅलिफोर्नियाखालची बातमी कोरडी ठणठणीत राहते. "ये देखो साब," शेठ म्हणतात, "दिखने कू मोटा, चिकना, एक साइज का. अंदर तेल नई. मिठाई में डालने कू ठीक है."

थोडक्यात, या दुकानात 'अमेरिकन' हा शब्द गेली कित्येक वर्षं स्वस्त मालासाठी राखीव आहे. त्याच गादीवर बसून, तोच कागद रोज बघून, धाकट्या चिरंजीवांनी मोठी, चिकनी, दिखाऊ वस्तू पसंत केली. आणि कारण विचारलं तर छाती काढून सांगतात, "अमेरिकन है."

तर मग अमेरिकनपणाचाच हिशेब मांडू. पेढीचे मुनीमजी देगलूरचे आहेत, हिशेब कच्चा राहिला तर त्यांना जेवण जात नाही.

ही गाडी देशात आली तीच मुळी आंब्याच्या साटंलोट्यात. 2006 च्या मार्चमध्ये जॉर्ज बुश भारतात आले, हैदराबादलाही आले, इथल्या शेतकी विद्यापीठात म्हैस बघून गेले. पुढच्या वर्षी आपण मोठ्या मोटारसायकलींसाठी धुराचे नियम जुळवून घेतले आणि त्यांनी आपल्या आंब्यावरची सुमारे अठरा वर्षांची बंदी उठवली. रत्नागिरीचा हापूस घाट चढून लासलगावला गेला, भाभा अणुसंशोधन केंद्रानं कांद्यासाठी उभारलेल्या केंद्रात त्यानं गॅमा किरणं अंगावर घेतली, आणि एप्रिल 2007 मध्ये तो न्यूयॉर्कला उतरला. बदल्यात आली फटफटी. कोकणातल्या बागायतदाराला तिचा काय लाभ झाला, हे विचारू नये. तो अजून लाल परीनंच फिरतो.

गाडी आली, दुकानं 2010 साली उघडली, आणि 2011 पासून कंपनीनं हरियाणातल्या बावलला जुळणी सुरू केली. पुढे तिथेच 500 आणि 750 सीसीच्या गाड्या बनू लागल्या. म्हणजे आपल्या रस्त्यांवर मिशा पिळत फिरणाऱ्या कित्येक 'अमेरिकन' गाड्या जन्मानं हरियाणवी आहेत. सप्टेंबर 2020 मध्ये कंपनीनं गाशा गुंडाळायचं जाहीर केलं आणि दुकान हिरोकडे सोपवलं, त्याच हिरोकडे ज्यांची स्प्लेंडर बेगम बाजारातला प्रत्येक वसुलीवाला चालवतो. जुलै 2023 मध्ये त्या दोघांची एक्स 440 आली, राजस्थानातल्या नीमराण्याची, सुरुवातीची किंमत 2 लाख 29 हजार. सिलिंडर एकच. टाकीवर नाव मात्र तेच, 1903 सालापासूनचं. आता उरली चिरंजीवांची खरीखुरी मोठी गाडी. तर कंपनीचा एक कारखाना थायलंडलाही आहे. मुनीमजींनी एवढ्यावर पेन्सिल खाली ठेवली आणि 'अमेरिकन' या रकान्यासमोर प्रश्नचिन्ह काढलं.

चिरंजीवांचं दुसरं कारण आवाज. इथे मात्र दाद द्यायला हवी, कारण आवाजात खरोखर कारागिरी आहे. दोन सिलिंडर 45 अंशांच्या कोनात बसवलेले, दोघांचे दांडे एकाच क्रँकपिनवर, त्यामुळे स्फोट सारख्या अंतरानं होत नाहीत. एक 315 अंशांनी होतो, दुसरा 405 अंशांनी. उभ्या गाडीत म्हणून ती लंगडी लय येते, जी अमेरिकनांच्या कानाला 'पोटॅटो-पोटॅटो' अशी लागते. 1994 मध्ये कंपनीनं या आवाजाचा ट्रेडमार्क मागितला होता. प्रतिस्पर्ध्यांनी हरकती घेतल्या, आणि 2000 साली अर्ज गुपचूप मागे गेला. बेगम बाजारात ही गोष्ट सांगू नये. ट्रेडमार्कला हरकत घेण्याइतका वेळ इथे कुणी घालवत नाही, सरळ माल काढतात. शिवाय या गल्लीत ट्रॉली रिक्षांचे भोंगे, बंडीवाल्यांच्या आरोळ्या आणि स्टीलच्या डब्यांची उतराई यांतून तो आवाज वेगळा ऐकू येण्यासाठी गाडीच्या पोटाला कान लावावा लागतो. मुनीमजींनी लावला. त्यांना 'बाकी-बाकी, बाकी-बाकी' असं ऐकू आलं.

तिसरं कारण 'ओपन रोड'. हे मात्र ऐकून माझं मन भरून आलं. क्रूझर या जातीची रचनाच सरळ, लांब, मोकळ्या रस्त्यासाठी. बैठक खाली, पाय पुढे, हात पसरलेले, आणि क्षितिजापर्यंत वळण नाही. असे रस्ते आपण गेल्या पंचवीस वर्षांत भरपूर बांधले आणि बांधून झाल्यावर प्रत्येकाच्या तोंडाशी दुचाकीला बंदीची पाटी लावली. हैदराबादचा 158 किलोमीटरचा आउटर रिंग रोड: दुचाकी बंद. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे: बंद. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग: बंद. वांद्रे-वरळी सागरी सेतू बंद, अटल सेतू बंद. पंचवीस लाखांची मोटारसायकल आणि दुधाचे कॅन लटकवलेली लुना यांत सरकार भेद करत नाही; लोकशाही इतकी सखोल रुजल्याचं दुसरं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. देशात या गाडीला कुठल्याही अटीशिवाय प्रवेश असलेली जी थोडी ठिकाणं उरली, त्यांत बेगम बाजार येतो. म्हणून ती इथे आहे.

इथे ती धावत नाही हा भाग निराळा. पण न धावणाऱ्या वाहनाचा हैदराबादला तिटकारा कधीच नव्हता. निजाम महबूब अली पाशांनी 1911 मध्ये रोल्स-रॉइसकडे सिंहासन बसवलेली पिवळी सिल्व्हर घोस्ट मागवली. गाडी येईस्तोवर पाशा अल्लाला प्यारे झाले. पुढे उस्मान अली खानांनी ती इतकी जपली की तिचं आयुष्यभराचं धावणं साडेतीनशे मैलांच्या आसपास सांगतात. आज ती चौमहल्ला पॅलेसमध्ये उभी आहे आणि लोक तिकीट काढून बघतात. चिरंजीवांच्या गाडीची चाल याच घराण्याची दिसते. फरक इतकाच की तिला बघायला तिकीट नाही आणि पोरं सीटवर बसून फोटो काढून जातात.

रोजचा प्रयोग बघण्यासारखा असतो. सकाळी पेढी उघडायच्या वेळेला चिरंजीव येतात. गल्लीत शिरताना पुढे लसणाची बंडी, मागे प्लास्टिकच्या बादल्यांचा मनोरा. गाडी थांबते आणि मांडीखाली मागचा सिलिंडर तापू लागतो. हा त्रास कंपनीलाही ठाऊक आहे; काही मॉडेलांत उभ्या गाडीचा मागचा सिलिंडर आपोआप गप्प करायची सोयच त्यांनी दिली आहे. म्हणजे दोन सिलिंडरचे पैसे मोजायचे आणि बेगम बाजारात एकावर भागवायचं. तेवढ्यात बाजूनं टीव्हीएस एक्सएल सुळकन निघून जाते. वजन नव्वद किलोच्या आत, इंजिन शंभर सीसीला थोडं कमी, पुढे पायाशी एक पोतं, मागे दोन, त्यांवर गूळ, आणि गुळावर एक पोऱ्या. जाता जाता चालवणारा म्हणतो, "हल्लू भाई, पेंट लग जाता." ही सूचना त्यानं चिरंजीवांच्या काळजीपोटी केली की स्वतःच्या, हे कळत नाही.

संध्याकाळी गाडी मागे घ्यायची असते. हिला रिव्हर्स गियर नाही आणि तीन क्विंटल पायानं रेटण्याचं काम चिरंजीवांच्या जिममध्ये शिकवलेलं नाही. मग दोन हमाल येतात. एक हँडल धरतो, एक मागचं चाक. हमालीचा दर पोत्यावर असतो, म्हणून पहिल्याच दिवशी तंटा झाला. शेवटी पेढीनं गाडीचं वजन क्विंटलचं पोतं धरून तीन पोती असं कायम केलं, वरचे सतरा किलो हमालांनी सोडून दिले. खातेवहीत रोज नोंद पडते: 'गाडी, पोती 3, हमाली.' बेगम बाजारानं तिला अखेर माल म्हणून मान्यता दिली ती या ओळीनं.

शेठना दुःख होतं ते निराळ्याच गोष्टीचं. 1 फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात 1600 सीसीवरच्या आयात मोटारसायकलींची कस्टम ड्युटी 50 टक्क्यांवरून 30 वर आली. शेठना ड्युटी कळते. 2019 च्या जूनमध्ये अमेरिकेवर रागावून सरकारनं सोललेल्या बदामावर किलोला 20 रुपये जादा लावले आणि सप्टेंबर 2023 मध्ये राग गेल्यावर काढले, त्या प्रत्येक वळणावर शेठनी माल धरला किंवा सोडला आणि पैसा केला. मोटारसायकलवरची ड्युटी 2018 मध्ये 50 वर आली होती, तरी ट्रम्पसाहेबांचं समाधान झालेलं नव्हतं, म्हणजे अजून उतरणार हे शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं. "उतरत्या भावात माल भरला," शेठ गदगदून म्हणतात, "बदाम का बेटा होके." अमेरिकेनं ड्युटीबद्दल दुसऱ्याला बोल लावावा यातलीही गंमत त्यांना कुणीतरी सांगायला हवी होती, ती मी सांगितली. 1983 मध्ये हीच कंपनी बुडायला आली होती, तेव्हा रेगनसाहेबांनी 700 सीसीवरच्या परदेशी गाड्यांवर आयात शुल्क 4.4 वरून 49.4 टक्क्यांवर नेऊन तिला जपान्यांपासून वाचवलं. त्याआधीची 1969 ते 1981 ही वर्षं ती एएमएफ या कंपनीच्या ताब्यात होती, आणि त्या काळातल्या गाड्या तेल गळण्याबद्दल इतक्या नावाजल्या की जिथे उभ्या राहतील तिथे डाग पडे. हे ऐकून शेठ प्रथमच खुलले. अमेरिकन वस्तूतून तेल निघालेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

मग मी त्यांना दिल्लीची गोष्ट सांगितली. दुसरं महायुद्ध संपलं, अमेरिकन फौजा गेल्या, मागे त्यांच्या हार्ले आणि इंडियन मोटारसायकली भंगाराच्या भावात उरल्या. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी, त्यांत सरदारजी पुष्कळ, त्या घेतल्या, मागचं चाक काढून तिथे हौदा बसवला आणि चांदणी चौकातून कॅनॉट प्लेसला सवाऱ्या वाहिल्या. पुढे मूळ इंजिनं जाऊन डिझेलची आली, तरी फटफटी नाव राहिलं. 1998 मध्ये प्रदूषणापायी बंद होईपर्यंत व्यापारी, गिऱ्हाइकं आणि गाठोडी त्यांतून फिरत होती.

मुनीमजींनी कान टवकारले. "किती सवाऱ्या बसायच्या म्हनता?"

"सहा-आठ सहज."

गल्ल्याखालचा कॅल्क्युलेटर वर आला. अफझलगंज ते बेगम बाजार, माणशी इतके, दिवसाच्या इतक्या फेऱ्या, पेट्रोल वजा, हमाली वाचली ती जमा. मुनीमजींचा चेहरा उजळला. "शेठ, असं कामून नाही करत आपन?"

"सवारी नक्को," शेठ म्हणाले. "सवारी झिकझिक करती. माल डालो."

दुसऱ्या दिवशी उस्मानगंजहून वेल्डर माप घ्यायला आला. चिरंजीवांना विचारायची सोय नव्हती. ते मोटारसायकलवाल्यांच्या मेळाव्यासाठी गोव्याला गेले होते. विमानानं.