बिल झाल्यावरच पडावे

सुपरमार्केटात घसरून पडणाऱ्या गिऱ्हाइकांना दुकानाची बाजू समजून घ्यायचं वळणच नसतं. छताचे दिवे खाली दिसावेत इतकी चकचकीत फरशी दुकानदार घालतो, आणि ही माणसं खुशाल तिच्यावरून चालतात.

आमच्या सोसायटीतल्या काकूंचंच घ्या. शनिवारची गर्दी, दह्यादुधाच्या फ्रीजमधून झिरपलेलं पाणी. काकू ट्रॉली ढकलत आल्या आणि पडल्या. पडणारा माणूस हात टेकतो आणि त्या वयात मनगट मोडतं. पण दुकानाची तत्परता बघा. काकू अजून खालीच होत्या, तेवढ्यात एक मुलगा धावत आला आणि त्यांच्या शेजारी पिवळी पाटी उभी करून गेला. पाटीवर घसरणाऱ्या माणसाचं चित्र. शेजारी जिवंत नमुना असताना चित्राची गरज नव्हती, पण नियम म्हणजे नियम.

मग मॅनेजरसाहेब आले. त्यांनी आधी काकूंच्या चपला पाहिल्या, नंतर मनगट. "काकू, तळ पार झिजलेत हो. वरच्या मजल्यावर चपलांची ऑफर चालू आहे." दुखण्याच्या मुळाशी जाणारा असा माणूस हल्ली दवाखान्यातही भेटत नाही. काकूंच्या मुलाने सीसीटीव्हीचं चित्रण मागितलं, तर त्या कोपऱ्यातला कॅमेरा नेमका बंद होता. मागे याच कोपऱ्यात एका पोराने चॉकलेट फोडून खाल्लं, तेव्हा त्याच कॅमेऱ्याने वेष्टनाचा रंगसुद्धा टिपला होता. यंत्र झालं तरी त्यालाही कधी डोळे मिटावेसे वाटतातच.

शेवटी माणुसकी म्हणून काकूंचं बिल रांगेबाहेर करून दिलं. दारातल्या वॉचमनने मात्र त्यांना अडवलं. बिलावर शिक्का राहिला होता.

मुलगा तरुण. तो ग्राहक आयोगात जायला निघाला. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा खरोखर प्रेमळ आहे. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत मिळते, दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. माल प्रयोगशाळेत तपासायचा नसेल, तर तीन महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, असंही त्यात म्हटलंय. कायद्याला म्हणायला काय जातं! पण ग्राहक कोण, तर मोबदला देऊन किंवा द्यायचं कबूल करून माल घेणारा. आता बिलावर वेळ छापलेली असते. काकू पडल्या आधी, बिल झालं नंतर. पडल्या त्या क्षणी त्या ग्राहक होत्या, की थंड हवा खायला आलेल्या एक बाई, असा प्रश्न दुकानाचा वकील अगदी गंभीर चेहऱ्याने विचारू शकतो. शिवाय कोणत्या आयोगाकडे जायचं, हे हाडाच्या किमतीवर ठरत नाही. दिलेल्या मोबदल्यावर ठरतं. म्हणून शहाण्याने आधी बिल करावं, शिक्का मारून घ्यावा, मग पडावं.

इंग्लंडात हे शहाणपण टिकलं नाही. लिव्हरपूलच्या एका टेस्को दुकानात सांडलेल्या योगर्टवरून एक बाई घसरल्या. योगर्ट किती वेळ तिथे होतं, हे त्यांना सिद्ध करता येईना. तरी अपील न्यायालयाने उलट दुकानालाच विचारलं, की तुम्ही पुरेशी काळजी घेत होतात ते दाखवा. 1976 च्या न्यायनिवाड्यांच्या संग्रहात तो निकाल छापलाय. या बाई पुढे त्याच दुकानात गेल्या, तेव्हा सांडलेलं संत्र्याचं सरबत पंधरा मिनिटं कुणी पुसलं नाही, हे त्यांनी उभ्याने पाहिलं आणि कोर्टात सांगितलं. गिऱ्हाइकाने असं घड्याळ लावून उभं राहणं आपल्याकडे शोभणार नाही. आपण सरळ पाय उचलून पलीकडे जातो, आणि मागून येणाऱ्याला सांगतही नाही; उगाच त्याच्या खरेदीत व्यत्यय नको.

काकूंचा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. पहिल्याच आठवड्यात दुकानाचा मेसेज आला: आपला खरेदीचा अनुभव कसा वाटला? पाच तारे दिल्यास पुढच्या खरेदीवर साखरेत सूट. उजवा हात गळ्यात होता, म्हणून काकूंनी डाव्या अंगठ्याने एकेक करून पाचही तारे दिले. चौथ्या ताऱ्याला फोन हातातून निसटला, पण तो गादीवर पडला.