डेडस्टॉक आणि डार्विन

महाविद्यालय जिल्ह्याच्या गावी असो वा तालुक्याच्या, त्याच्या इमारतीच्या अगदी शेवटच्या टोकाला, सायकली ठेवण्याची छपरी आणि मुतारी यांच्या मधोमध, जी एक जाळीच्या खिडक्यांची खोली असते, आणि जिच्यातून येणारा वास एकदा नाकात शिरला की दुपारच्या पानापर्यंत माणसाची सोबत सोडीत नाही, त्या खोलीच्या धन्याला प्राणिशास्त्राचा प्राध्यापक असे म्हणतात. इतिहासाचा प्राध्यापक वर्गाबाहेर पडला की सामान्य मनुष्य होतो, गणिताचा तर वर्गातही कधीकधी असतो. परंतु प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाला ही सवलत नाही. त्याच्या कोटाच्या बाह्यांत, मिशांत आणि खिशातल्या रुमालात फॉर्मलीन असे काही मुरलेले असते, की तो चहाला येऊन बसला म्हणजे दोन्ही बाजूंच्या खुर्च्या, कोणाच्याही हेतूवाचून, वीतभर सरकतात.

या जातीत व्यक्तिगत भेद फार थोडे आढळतात, म्हणून एकाच नमुन्याचे वर्णन केले तरी भागण्यासारखे आहे. माझ्या माहितीतला नमुना कोकणकिनाऱ्यावरच्या एका महाविद्यालयात १९४७ साली रुजू झाला आणि पुढे जवळजवळ दोन तपे, मी मराठी शिकवीत असल्यामुळे व मला पडसे कायमचे असल्यामुळे, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत आला.

प्राध्यापक जन्माने शाकाहारी, आणि तरीही गावात रोज सकाळी मासळीबाजारात न चुकता हजर असणारा असा दुसरा मनुष्य नव्हता. बी. एस्सी.च्या मुलांना चिरण्यासाठी मुशी लागे, आणि मुशी घेताना ते तिच्या मानेजवळच्या पाच फटी मोजून पाहत, अंगावरून उलटा हात फिरवून खवल्यांचा खरखरीतपणा अजमावीत, आणि शेजारी पडलेल्या, घ्यायच्या नसलेल्या बांगड्यांचीही त्याच आस्थेने तपासणी करीत. "मास्तरानू, घेवचा नसात तर कल्ल्यात बोटां कित्याक घालतास?" असे विचारून कोळीण त्यांना रोज वाटेला लावी. याच बाईने एकदा, मुशी अंडी घालीत नाही, पिल्ले देते, असे सहज सांगितले, तेव्हा प्राध्यापक तिथेच उकिडवे बसले आणि हीच गोष्ट ॲरिस्टॉटलने लिहून ठेवली असता युरोपातल्या पंडितांनी ती कशी शतकानुशतके मनावर घेतली नाही, आणि अखेर एकोणिसाव्या शतकात योहानेस म्यूलर नावाच्या जर्मनाने मुशीचे पोट फाडून म्हाताऱ्याचा शब्द कसा खरा केला, हे तिला समजावून सांगू लागले. ती म्हणाली, "त्या जर्मनाक माज्या आजयेकडे धाडूक व्हया होता." प्राध्यापकांनी हे वाक्य पुढे प्रत्येक वर्षी वर्गात सांगितले, आणि ते सांगताना ॲरिस्टॉटलच्या बरोबरीने त्या बाईचा उल्लेख आदरार्थी बहुवचनात केला.

त्यांचा अधिकार प्रयोगशाळेच्या उंबरठ्यापर्यंतच चाले, म्हणजे घरी चालत नसे. नळावर तीन वेळा साबण लावल्यावाचून त्यांना पानावर बसता येत नसे, आणि एकदा बेडकांचा पुरवठा रविवारी येऊन पडल्यामुळे ते चाळीस बेडूक परसातल्या हौदात एका रात्रीपुरते वस्तीला ठेवले गेले, तेव्हापासून त्या हौदाचे पाणी देवाला वर्ज्य झाले ते झालेच. नातीचे कान टोचण्याच्या दिवशी सोनार तार तापवीत असता त्यांनी उपस्थित स्त्रीवर्गाला सांगितले, की वाइझमान या शास्त्रज्ञाने उंदरांच्या शेपट्या पिढ्यान्पिढ्या छाटल्या, तरी बिनशेपटीचा एक उंदीर जन्मला नाही, आणि कमावलेला गुण वारशाने उतरतो हे लामार्कचे मत तिथेच ढिले पडले. परंतु वाइझमानने एवढी यातायात करण्याचे कारण नव्हते, कारण आपल्या देशात हा प्रयोग हजारो वर्षे चालू आहे आणि अद्याप एकही मुलगी भोके घेऊन जन्मलेली नाही. युक्तिवाद बिनतोड होता. स्त्रीवर्गाने त्यांना बाहेर ओटीवर बसायला सांगितले.

त्यांचे स्वतःचे संशोधन खेकड्याच्या अंगावर वाढणाऱ्या एका परोपजीवी जीवावर होते, आणि ते चौदा वर्षे चालले होते. कोणी याविषयी छेडले म्हणजे ते डार्विनचा दाखला देत. गलबतांच्या तळाला आणि किनाऱ्यावरच्या खडकांना जे कवचधारी क्षुद्र प्राणी चिकटलेले असतात, ज्यांनी अनवाणी चालणाऱ्याचे तळपाय कापले जातात, त्यांच्या अभ्यासात डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे घालवली. ती इतकी, की त्याच्या एका मुलाने शेजाऱ्यांकडे गेल्यावर तिथल्या गृहस्थांविषयी विचारले म्हणे, की हे आपले खडकावरचे प्राणी कुठे बसून करतात? सगळ्या बापांचा उद्योग तोच, अशी त्या पोराची समजूत. ही हकिकत मी त्यांच्या ओटीवर निदान सहा वेळा ऐकली आणि सहाही वेळा माजघरातून एकच उत्तर आले: "त्यांचं आठ वर्षांत आटोपलं."

परंतु हा मनुष्य खरा कुठे पाहावा, तर गावच्या वसंत व्याख्यानमालेत. दर वर्षी त्यांना एक दिवस मिळे, दर वर्षी विषय उत्क्रांतिवाद असे, आणि दर वर्षी ते १८६० सालच्या ३० जून रोजी ऑक्सफर्डला झालेल्या वादाने सुरुवात करीत. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' निघून सात महिने झालेले, पहिल्या आवृत्तीच्या साडेबाराशे प्रती पुस्तकविक्रेत्यांनी पहिल्याच झपाट्यात उचललेल्या, दिवाणखाना खच्चून भरलेला. बिशप विल्बरफोर्स उठतो आणि डार्विनचा पक्ष घेणाऱ्या हक्सलीला विचारतो, आपण माकडाशी नाते सांगता ते आजोबांकडून की आजीकडून! इथे प्राध्यापक उपरणे खांद्यावर टाकून बिशप होत, आणि मग ते काढून हक्सली होत. या प्रसंगाचा शब्दशः वृत्तान्त त्या दिवशी कोणीच उतरून घेतला नव्हता, आणि हे प्राध्यापकांना पक्के ठाऊक होते. तरीही, किंवा त्यामुळेच, हक्सलीचे उत्तर दर वर्षी थोडे अधिक धारदार होत गेले, आणि माझी तर अशी समजूत आहे की १९५८ सालच्या आवृत्तीइतके चांगले उत्तर खुद्द हक्सलीलाही साधले नसते. ज्या 'बीगल' जहाजावरून डार्विन पाच वर्षे हिंडला त्याचा कप्तान फिट्झरॉय त्याच सभेत हातात बायबल उंचावून उभा राहिला, या भागात मात्र ते पदरचे कधीही काही घालीत नसत. त्यांचा आवाज इथे खाली येई. आपल्याच जहाजात बसवून नेलेल्या पोराने आपला देव बुडवला अशी समजूत झालेल्या माणसाची त्यांना कणव असावी.

व्याख्यान संपले की पहिल्या रांगेतले निवृत्त मामलेदार रावसाहेब उठत. मत्स्य, कूर्म, वराह, मग अर्धा पशू अर्धा मनुष्य असा नरसिंह, मग बुटका वामन, हा क्रम आमच्या पूर्वजांनी डार्विनच्या आधी लिहून ठेवला आहे, तेव्हा या साहेबाने नवे ते काय सांगितले, असा त्यांचा सवाल ठरलेला. एरवी मुद्द्याला मुद्दा देणारे प्राध्यापक यावर अत्यंत नम्रपणे म्हणत, "रावसाहेब, वामनापर्यंत मी आपल्या बरोबर येतो. पण पुढे परशुरामांनी एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली, आणि लगेच पुढचा अवतार क्षत्रियाच्या पोटी झाला. ही निवड माझ्या शास्त्रात बसत नाही."

टाळ्या पडत, पण रावसाहेब बसत नसत. मग आज झाडावरची माकडे माणसे का होत नाहीत? हा प्रश्न मी उभ्या आयुष्यात शेकडो वेळा ऐकला आहे आणि त्याला इतके समर्पक उत्तर दुसऱ्या कोणी दिलेले ऐकले नाही. प्राध्यापक विचारीत, "रावसाहेब, आपले चुलत चुलते अजून देवरुखाकडे नांगर धरून आहेत ना? मग आपण मामलेदार झालाच नाहीत, असं म्हणावं काय?" माकड आपला आजा नव्हे, चुलतभाऊ आहे; मूळ पुरुष एक, वाटण्या झाल्या, एक शाखा झाडावर राहिली आणि एक खाली उतरली, हे सूत्र वारसतपासात हयात घालवलेल्या माणसाला कळण्यासारखेच होते. रावसाहेब क्षणभर थांबत आणि खास महसुली आवाजात विचारीत, "मग मधले फेरफार दाखवा!" आणि गंमत अशी, की कचेरीच्या इंग्रजीत फेरफाराला म्युटेशन म्हणतात आणि प्राध्यापकांच्या शास्त्रातही नव्या आनुवंशिक बदलाला तोच शब्द आहे. एका शब्दाच्या दोन टोकांना धरून हे दोन वृद्ध रात्री साडेदहापर्यंत ओढाताण करीत आणि मग एकाच कंदिलाच्या उजेडात घरी जात. या वादात कोणी जिंकल्याचे मला आठवत नाही.

महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात प्राणिशास्त्र शाखेला बहुधा दीड ओळ मिळे, आणि एका वर्षी, मुद्रकाच्या चुकीने की प्राचार्यांच्या, तीही गळली. मी सांत्वनाला गेलो तर गृहस्थ प्रसन्न! त्यांनी मला १८५८ सालच्या १ जुलैची कथा ऐकवली. त्या दिवशी लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विनचे आणि वॉलेसचे टिपण एकत्र वाचले गेले. दोघेही गैरहजर: वॉलेस पूर्वेच्या बेटांवर कीटक धरीत हिंडत होता, आणि डार्विनचे तान्हे मूल तीनच दिवसांपूर्वी वारले होते. नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त जगापुढे आला, मंडळींनी ऐकून घेतला आणि घरी गेली. आणि पुढल्या वर्षी अध्यक्ष टॉमस बेल यांनी त्या सालाचा आढावा घेताना सांगितले, की शास्त्रात क्रांती घडवील असा कोणताही लक्षणीय शोध या वर्षी लागला नाही. "अहवाल म्हणजे असे असतात," प्राध्यापक म्हणाले, आणि खेकड्याकडे वळले.

आता कवटीचे सांगितले पाहिजे, कारण तिच्यामुळेच मी हा सारा प्रपंच मांडला. पिल्टडाउन या इंग्लंडमधल्या गावी सापडलेली आणि १९१२ साली मोठ्या समारंभाने जाहीर झालेली मानवाच्या आद्य पूर्वजाची कवटी, म्हणजे तिची प्लास्टरची प्रतिकृती, प्राध्यापकांनी रुजू होताच पहिल्या अनुदानातून विलायतेहून मागवली. मेंदू माणसाचा, जबडा वानराचा! तिच्यासाठी काचेचे कपाट झाले, त्याची किल्ली त्यांच्या जानव्याला असे. आणि १९५३ च्या नोव्हेंबरात वर्तमानपत्रात आले, की फ्लोरीनचे प्रमाण मोजून, दातांवरच्या कानसीच्या खुणा पाहून असे सिद्ध झाले आहे, की कवटी माणसाची आणि जबडा आजच्या एका वानराचा, दोन्ही रंगवून जुनी केलेली. एकेचाळीस वर्षांची बनवाबनवी.

आठवडाभर ते खुर्चीवर टेकले नाहीत. रावसाहेब मुद्दाम येऊन म्हणाले, "काय प्रोफेसरसाहेब, पूर्वज बनावट निघाला म्हणे!" प्राध्यापक म्हणाले, "एका वारसाचा दाखला खोटा निघाला, तर मूळ मालक नव्हताच असं आपण कचेरीत कधी ठरवलं होतं का? आणि खोटेपणा पकडला तो कोणी? आमच्याच लोकांनी." पण आवाज बसला होता. त्यांनी टिपणांतली चार पाने स्वतःच्या हाताने फाडली आणि त्यानंतर कपाटाकडे पाठ करून शिकवू लागले.

मार्चअखेरीस दर वर्षी डेडस्टॉकची, म्हणजे टिकाऊ सामानाची, पडताळणी होते, आणि ज्याला काही उद्योग नाही अशा शाखेचा मनुष्य म्हणून समितीवर मी असे. त्या साली प्राध्यापकांनी कवटी निर्लेखित करण्याचा लेखी अर्ज दिला. हेडक्लार्कने नोंदवही उघडली. वस्तू कमी करण्याची कारणे छापील होती: मोडली, झिजली, हरवली, वाळवीने खाल्ली.

"कोणतं लिहू?"

"खोटी ठरली," प्राध्यापक म्हणाले.

"असा रकाना नाही, साहेब. मोडलीय का?"

"नाही."

"जागेवर आहे?"

"आहे."

हेडक्लार्कने लिहिले, मी सही केली. पुढे प्राध्यापक १९६९ साली निवृत्त झाले, खेकडा अपुरा राहिला, रावसाहेब त्याच्या आधीच गेले. कवटी अजून कपाटात आहे, आणि नोंदवहीत तिच्यापुढे दर वर्षी नव्या शाईने तोच शेरा पडतो: 'आहे. स्थिती उत्तम.'