गिझर चालू, दिवा बंद

महिन्याच्या सात तारखेला घराचा, गाडीचा आणि फोनचा असे तिन्ही हप्ते खात्यातून जेवून गेले की मराठी गृहस्थाला काटकसर आठवते. एक तारखेला ती आठवत नाही, कारण त्या दिवशी तो श्रीमंत असतो. सातव्या दिवशी मात्र तो चष्मा कपाळावर चढवतो, टीव्हीचा आवाज बंद करतो (टीव्ही नाही) आणि अर्थमंत्र्यांच्या सुरात घोषणा करतो, "खर्चाला आता कात्री लावावीच लागेल." कात्री कुठे लागायची आहे हे त्याला सांगावं लागत नाही. नजर आधीच स्वयंपाकघराकडे वळलेली असते.

अंमलबजावणी मात्र पॅसेजमधल्या दिव्यापासून होते. हा दिवा प्रत्येक घरात असतो आणि तो नेहमी दुसऱ्या कुणीतरी चालू ठेवलेला असतो. "हे काय, दिवाळी आहे का?" असं ओरडत गृहस्थ तो विझवतो आणि देशसेवा केल्याच्या समाधानाने आंघोळीला जातो. गिझर तासाभरापासून चालू आहे. पेपर वाचून व्हायचा होता, दुसरा चहा व्हायचा होता, फोनवर काटकसरीचे दोन व्हिडिओ बघून व्हायचे होते. तेवढ्यात पाणी तापलं, निवलं आणि पुन्हा तापलं.

आता थोडं गणित, कारण गृहस्थाला आकडेमोडीचा अभिमान असतो. नऊ वॅटचा एलईडी दिवा एक युनिट वीज जाळायला सुमारे १११ तास घेतो. दोन हजार वॅटचा गिझर पाणी तापवत असतो तेव्हा तेच काम अर्ध्या तासात उरकतो. पंधरा लिटरची टाकी एकदा भरून तापली की अर्ध्या युनिटाच्या वर वीज गेली. तेवढ्यात पॅसेजचा दिवा अडीच दिवस अखंड जळाला असता. पण दिवा डोळ्यांना दिसतो आणि गिझर भिंतीवर गुपचूप टांगलेला असतो. त्यातून गिझर गृहस्थाचा, दिवा घरच्यांचा.

वीजबिल त्याने कधी उलटून पाहिलेलं नसतं. पाहिलं असतं तर १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा आणि त्यापुढे आणखी चढा, ही महावितरणची शिडी दिसली असती. वाचलेलं प्रत्येक युनिट या शिडीच्या सगळ्यात वरच्या, महागड्या पायरीवरून वाचतं, हेही कळलं असतं. शिवाय स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यांवर १६ टक्के वीज शुल्क. त्यातला स्थिर आकार तर असा स्थिर, की महिनाभर अंधारात बसलात तरी हलायचा नाही. याबद्दल गृहस्थाचं काहीच म्हणणं नसतं. त्याचं भांडण पॅसेजशी.

मग स्वयंपाकघर. तिथे कात्री चालवायला तो जातो खरा, पण कापण्यासारखं काही शिल्लकच नसतं. त्या खोलीतली काटकसर त्याच्या जन्माआधीपासून चालू आहे. एका कुकरात खाली डाळ, मधे भात, वर बटाटे, तीन पदार्थ एका गॅसवर. कडधान्य रात्रीच भिजत पडलेलं, म्हणून शिट्ट्या कमी. दुधावरची साय विरजणात, विरजणाचं लोणी, लोण्याचं तूप, उरलेल्या ताकाची कढी. तूप कढवताना तळाला राहिलेल्या बेरीत साखर घालून ती पोरांच्या हातावर. कालच्या पोळ्यांची आज फोडणीची पोळी, कालच्या भाताचा फोडणीचा भात. दोडक्याच्या शिरांची चटणी. मुळ्याच्या पाल्याची भाजी. आमरस काढून झाला की कोयी आणि साली धुतलेल्या पाण्याचा फजिता. फणस संपला तरी आठळ्या आमटीत आहेतच. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून रद्दीत. साड्या जुन्या झाल्या की त्यांची गोधडी, आणि गोधडीतून वाचल्या तर बोहारणीकडे, बदल्यात स्टीलचं पातेलं.

दुधाच्या एका लिटरचा इतका पाठपुरावा कुठल्याही वित्त विभागाने केला नसेल. तरी गृहस्थ फ्रिज उघडून विचारतो, "एवढी कोथिंबीर कशाला?"

"अहो, ती भाजीबरोबर फुकट मिळाली," बायको म्हणते.

तो फ्रिज उघडाच ठेवून विचारात पडतो.

या विचारातून खरेदी निघते. बचतीसाठी आधी पैसे घालावे लागतात, हे तो व्हिडिओत शिकलेला असतो. तेल वाचवायला एअर फ्रायर येतो. तो हजार-दीड हजार वॅट घेतो, पण तो भाग व्हिडिओत नव्हता. डाळी वाया जाऊ नयेत म्हणून काचेच्या एकसारख्या बरण्या येतात, आणि ज्या डब्यांनी तीस वर्षं डाळी सांभाळल्या ते माळ्यावर जातात. खर्च लिहून ठेवणारं ॲप येतं आणि दुसऱ्या महिन्यापासून वर्गणी मागू लागतं. दहा मिनिटांत किराणा आणून देणारं ॲप तर बचतीचं आगरच. एक लिंबू मागवायचं असतं, पण ठरावीक रकमेवर पोचवणावळ माफ, म्हणून लिंबाला सोबत म्हणून वेफर्स, चॉकलेट आणि कुणीच न मागितलेला फेसवॉश घेतला जातो. शेवटी पडद्यावर हिरव्या अक्षरांत येतं की तुम्ही इतके रुपये वाचवले. गृहस्थ ते घरात सर्वांना दाखवतो. लिंबू कोपऱ्यावर मिळालं असतं.

त्या फेसवॉशच्या नळीवर बारीक अक्षरांत प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली किंमत छापलेली असते. पाकीटबंद मालावर ती छापण्याचं बंधन अलीकडे आलं आहे. पाच रुपयांचा बिस्किटपुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांतच कसा परवडतो, याचं उत्तर पुड्यावरचे ग्रॅम वाचले की मिळतं. तेलाची एक लिटरची पिशवी म्हणजे एक किलो तेल नव्हे, साधारण ९१० ग्रॅम, हेही पिशवीवरच असतं. ही अक्षरं वाचायला चष्मा कपाळावरून नाकावर आणावा लागतो.

आमच्या काटकसरीचा खरा जोर पाहायचा असेल तर संध्याकाळी भाजीबाजारात जावं. "मावशी, दहाला दोन जुड्या द्या, नाहीतर राहू द्या." मावशी पहाटे तीनला उठून मार्केट यार्डातून माल घेऊन आलेल्या असतात, त्या देतात. रिक्षावाल्याकडून दोन रुपये सुटे परत येईपर्यंत आम्ही उतरत नाही. धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी दोनशे रुपये वाढवून मागितले की आम्ही त्यांना महागाई समजावून सांगतो, जणू ती त्यांच्या वस्तीत पोचलेलीच नाही. तोच गृहस्थ मल्टिप्लेक्सच्या काउंटरवर मक्याच्या लाह्यांचे चारशे रुपये मान खाली घालून देतो. तिकिटावरची सुविधा-फी देतो. शाळेच्या पावतीवरचं 'उपक्रम शुल्क' देतो आणि उपक्रम कोणता हे विचारत नाही. क्रेडिट कार्डाची 'किमान देय रक्कम' भरून सुटल्याचा आनंद मानतो, आणि उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी व्याज चढत राहतं. वर्षाचं ते चाळीस टक्क्यांच्या आसपास जातं. गावाकडच्या सावकाराला आम्ही कादंबऱ्यांतून शिव्या घातल्या. हा सावकार बक्षीस म्हणून पॉइंट देतो, म्हणून त्याच्याबद्दल कुणी कादंबरी लिहीत नाही.

थोडक्यात, जो भाव कमी करू शकतो त्याच्याशीच आम्ही घासाघीस करतो, आणि तो बहुधा आमच्यापेक्षा गरीब असतो.

नेहमीच असं नव्हतं. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी देशाला सोमवारी एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं, तेव्हा आधी स्वतःच्या घरी करून पाहिलं, असं सांगतात. (आमच्या गृहस्थालाही उपवास मान्य आहे. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, वर केळी आणि राजगिऱ्याचा लाडू. एकादशी दुप्पट खाशी हा घरखर्चाच्या वहीतला सगळ्यात जुना ताळेबंद आहे.) पुढे १९७२ च्या दुष्काळात धान्य, तेल, रॉकेल सगळंच भडकलं. तेव्हा मुंबईच्या बायकांनी पॅसेजचे दिवे मोजत बसणं पसंत केलं नाही. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली, आणि घराघरांतली लाटणी रस्त्यावर आली. थाळ्या बडवल्या गेल्या. कोथिंबीरवाल्या मावशींना सोडून त्यांनी भाव ज्यांच्या हातात होते त्यांना गाठलं.

आज लाटणं घरातच आहे आणि मोर्चा फोनवर फॉरवर्ड होतो. २०२२-२३ मध्ये भारतीय कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत देशाच्या उत्पन्नाच्या सुमारे पाच टक्क्यांवर आली, ही कित्येक दशकांतली नीचांकी पातळी. बचत घसरली, कारण घरांवरची देणी फुगली. म्हणजे सात तारखेला जेवून जाणारे ते हप्ते. दोडक्याच्या शिरा त्यात कुठेच नव्हत्या. एवढं होऊनही पुढच्या सात तारखेला सभा भरणार आहे, विषयपत्रिकेवर पहिला मुद्दा 'चहातली साखर' हाच असणार आहे आणि मांडणाऱ्याला दोन चमचे लागतात.

तेव्हा गृहस्थहो, एक विनंती. या वेळी सभा स्वयंपाकघरात घ्या, अध्यक्षस्थान तिच्याकडे द्या आणि वहीत तिने सांगितलेलं लिहून घ्या. क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण भरा. भाजीवालीचे पाच रुपये सोडा. आणि गिझरचं बटण बाथरूमच्या दाराबाहेर डाव्या हाताला आहे, पेपर उघडण्याआधी दाबायचं नसतं.