मे महिन्यातली साथ

भोसरीच्या एमआयडीसीकडे जाताना एक झेरॉक्सचं दुकान लागतं. पाटीवर पॅनकार्ड, पासपोर्ट फोटो, लग्नपत्रिका आणि सर्वांत ठळक अक्षरांत ‘पीएफ काढून मिळेल’. दात काढून मिळतील, त्या चालीवर.

२०२५च्या मे महिन्यात मी आधारच्या दोन प्रती काढायला तिथे उभा होतो. माझ्यापुढे सव्वीसएक वर्षांचा मुलगा. पत्रिकेचं प्रूफ तपासून झालं, ‘चि. सौ. कां.’मधला काना दुरुस्त झाला, मग मोबाइल पुढे सरकला. दुकानदाराने यूएएन टाकला, ओटीपी घेतला, फॉर्म ३१ उघडला आणि मान वर न करता विचारलं, “कारण?”

“लग्न.”

“सर्व्हिस किती?”

“चार वर्षं.”

“मग आजारपण टाकतो.”

आणि तीनशे रुपये मोजून तो धडधाकट मुलगा आजारी पडला.

दुकानदाराचं काही चुकलं नव्हतं. नियमच तसा होता. लग्नासाठी पीएफ काढायचा तर सात वर्षं नोकरी हवी आणि मिळणार स्वतःच्या वाट्याच्या निम्मे. आजारपणाला नोकरीच्या वर्षांची अट नव्हती. सहा महिन्यांचा मूळ पगार व महागाई भत्ता किंवा स्वतःचा व्याजासह वाटा, यांतलं कमी असेल ते मिळायचं, आणि २०१७पासून डॉक्टरचा दाखलाही मागत नसत. मी आजारी आहे असं आपणच म्हणायचं. त्यामुळे दर मे महिन्यात, मुहूर्त दाट असतात तेव्हा, आपल्या औद्योगिक पट्ट्यात तब्येती ढासळायच्या. जूनमध्ये शाळा सुरू होताना पुन्हा एक लाट. २०२० साली खरीखुरी साथ आली, तर सरकारने तिला फॉर्मात स्वतंत्र रकाना दिला. आजारपणाचा रकाना बारशी, बोअरवेल आणि बुलेटसाठी मोकळाच राहिला.

या पैशाला कागदोपत्री नाव आहे ‘अग्रिम’. म्हणजे आगाऊ घेतलेला. आमचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. त्यांच्या जीपीएफला दोन जातींचे अग्रिम असायचे, परतावा आणि ना-परतावा. आत्याच्या लग्नाला त्यांनी परतावा काढला. मग दरमहा पगारातून हप्ता कापून जायचा, आणि तो फिटेपर्यंत आमच्याकडे नवा पंखा आला नाही. पैसे स्वतःचेच होते, पण उसने होते, आणि उसन्याची लाज घरात पंख्याविना फिरत होती. पीपीएफचं कर्ज तर याहून कडक. तिसऱ्या ते सहाव्या वर्षातच मिळतं, तेही दोन वर्षांपूर्वीच्या शिल्लकीच्या २५ टक्के, आणि वर आपल्याच पैशावर आपणच एक टक्का व्याज भरायचं. ईपीएफमध्ये नाव तेवढं अग्रिमाचं. परत भरा म्हणून कुणी दारात येत नाही.

म्हणून त्या मुलाला नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. हॉलवाला थांबत नाही, बँडवाला थांबत नाही, आणि मोबाइलवर कर्ज देणारी ॲपं तर वाटच बघत असतात. त्यांच्यापुढे पीएफ म्हणजे गंगाजळ. फक्त आज काढलेले पन्नास हजार सव्वाआठ टक्क्यांनी तसेच राहिले असते, तर तो अठ्ठावन्नाव्या वर्षी सहा लाखांच्या वर मोजत बसला असता. पण हे त्याला सांगणार कोण? हळद लागायला अकरा दिवस उरले होते.

नवं वळण आलं ते १३ ऑक्टोबर २०२५ला. ईपीएफच्या विश्वस्त मंडळाने पैसे काढायच्या तेरा कलमांची मोळी बांधून तीन गट केले. गरजा, घर आणि विशेष परिस्थिती. सगळ्यांना एकच अट, बारा महिने नोकरी. लग्नासाठी पाचदा, शिक्षणासाठी दहादा. विशेष परिस्थितीत कारणच सांगायचं नाही. २५ टक्के मात्र खात्यात राहिलेच पाहिजेत. या २५ टक्क्यांवरून बरीच ओरड झाली, ‘आमचेच पैसे अडवले’ वगैरे. त्यावर सरकारने जो आकडा पुढे केला तो मला जास्त बोचला. खातं कायमचं बंद करताना निम्म्या सभासदांच्या नावावर वीस हजारांहून कमी शिल्लक असते. वीस हजार! याला आपण म्हातारपणची काठी म्हणतो. वर ईपीएसची किमान पेन्शन महिना एक हजार, २०१४पासून तेवढीच.

दिवाळीनंतर मी मुद्दाम त्या दुकानात डोकावलो. दुकानदार खुर्चीत रेलून चहा पीत होता. म्हटलं, आता तुमचं काम सोपं होणार, कारण विचारायची भानगडच नको.

“सोपं कसलं साहेब? फॉर्म काय, कुणीही भरतंय. कारण शोधून द्यायचेच तर तीनशे होते.” त्याने कप खाली ठेवला. “पण ते २५ टक्के अडकवतायत ना, त्याचं बघतो काहीतरी.”