हळदीतला सैराट

२९ एप्रिल २०१६ला नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ आला आणि पनवेलच्या हळदींना अजय-अतुलचं ‘झिंगाट’ मिळालं. पाटलांची आर्ची आणि मासेमाराचा परश्या शेवटी तिच्या घरच्यांच्याच हातून मरतात, हे मांडवात कुणी आठवत नाही. डीजेवाल्याला तर ते परवडणारही नाही.

पुढच्या रांगेत बेभान नाचणाऱ्या काकांच्या खिशात लेकीचा बायोडेटा असतो. जात, पोटजात, देवक. अपेक्षा : ‘अनुरूप’.

२०१८च्या ‘धडक’ने ‘सैराट’चीच गोष्ट उदयपूरला नेली, जात जवळपास गाळली, नायिकेला जिवंत ठेवलं. गाणं मात्र जपून नेलं!

राज्य सरकार पात्र आंतरजातीय जोडप्याला ५० हजार रुपये देतं. काकांना ही योजना मनापासून मान्य आहे, शेजाऱ्यांच्या मुलीसाठी.