वडाचा मेंटेनन्स

सोसायटीच्या आवारात जुना वड, उंबर किंवा जांभूळ असेल, तर वार्षिक सभेत पार्किंगच्या भांडणापाठोपाठ त्याचा विषय हमखास निघतो. आरोपपत्र ठरलेलं: पाला पडतो, पाखरं गाड्या घाण करतात, मुळं कंपाउंड फोडतात. झाडाचा खरा गुन्हा वेगळाच आहे. ते बिल पाठवत नाही. लिफ्टची एएमसी असते, पंपाची असते, म्हणून त्यांना मान. दुपारी चारला पश्चिमेच्या भिंतीवरचं ऊन अडवणाऱ्या, पानांवाटे पाणी हवेत सोडून आवार गार ठेवणाऱ्या वडाने कधी कोटेशनच दिलेलं नाही. त्याचं काम कमिटीच्या हिशेबात येणार कुठून? तो गेला की तेच काम घरोघरचे एसी करतात, त्यांची बिलं येतात आणि सगळं रीतसर होतं. वटपौर्णिमेलाही अडत नाही, बाजारात फांदी विकत मिळते.

‘एक तोडलं तर दहा लावू’ हे उत्तर तयार असतंच. लावतात काय, तर क्यूबाकडचा रॉयल पाम नाहीतर ऑस्ट्रेलियातला फॉक्सटेल. दिसायला झकास, सावली विजेच्या खांबाइतकी. उंबर फोडला की आत किडे दिसतात म्हणून नाक मुरडणाऱ्यांना कोण सांगणार, की त्यातल्याच इवल्याशा गांधीलमाश्या त्याचं परागीभवन करतात आणि त्या फळांवर तांबटापासून वटवाघळापर्यंत सगळे जगतात? पामच्या रांगेत या मंडळींचं काही काम नाही. त्यामुळे गाड्या स्वच्छ राहतात, हे मात्र कबूल.

पावसाळ्यात झाड कोसळून माणूस दगावतो, हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. रस्त्यावर लोंबणारी वाळकी फांदी काढलीच पाहिजे, इमारतीच्या फटीत उगवलेला पिंपळही. पण बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकायचे, केबलसाठी एका बाजूची मुळं तोडायची, बाल्कनीत उजेड हवा म्हणून त्याच बाजूच्या फांद्या छाटायच्या, आणि जुलैत झाड दुसरीकडे कललं की त्यालाच धोकादायक ठरवायचं, याला न्याय म्हणत नाहीत. बुंध्याभोवती हातभर माती मोकळी ठेवायला खर्च नाही. कदाचित म्हणूनच तो ठराव कुणी मांडत नाही.

कायदा आहे, 1975 पासून आहे. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या झाडाला वारशाचा दर्जा दिला, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावण्याची अट घातली. गंमत अशी, की मुंबईत इमारत तिशीला आली की पुनर्विकासाचे वेध लागतात. म्हणजे इमारतीसोबत लावलेलं झाड वारसा व्हायला वीस वर्षं कमीच पडतात. त्याहून जुनं निघालंच, तर वयाचा दाखला कुणाकडे असतो? तेव्हा चौघांच्या कवेत न मावणारा वड अर्जात जेमतेम बारा वर्षांचा निघाला, तर नवल मानू नये.