डिझेलची तोंडी परीक्षा

पेट्रोल गाडीची पीयूसी म्हणजे शाळेतली हजेरी. गाडी जागच्या जागी गुरगुरत उभी असते, पोरगा सायलेन्सरमध्ये नळी खुपसतो, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे येतात आणि कागद हातात पडतो. डिझेलवाल्याच्या नशिबी मात्र तोंडी परीक्षा, तीही घसा फाटेपर्यंत.

आम्ही डिझेलवाले तसे जपून चालवणारे लोक. मायलेजसाठीच ही गाडी घेतलेली, त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवतानाही हिशेब चालू असतो. अशा माणसाला पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातल्या पीयूसी व्हॅनमधून हुकूम सुटतो, "काका, न्यूट्रलला टाका. आता द्या रेस. अजून. पूर्ण दाबा!" आपण भीत भीत अर्धा पाय दाबतो. त्यावर तो पोरगा ज्या नजरेने बघतो, ती नजर मला गणिताच्या मास्तरांनंतर कुणीच दिलेली नाही. शेवटी "उतरा, मीच देतो" म्हणतो आणि इतकी वर्षं जपलेलं इंजिन असं काही किंचाळतं की पंपावर हवा भरणाराही मान वळवतो.

पोरगा क्रूर नसतो, नियमच तसा आहे. डिझेल इंजिन नुसतं चालू ठेवलं की ते साळसूद असतं: डिझेल थोडं, हवा भरपूर, धूर जवळजवळ नाहीच. पाय एकदम दाबला की डिझेल झपकन वाढतं, हवा मागे पडते आणि अर्धवट जळलेल्या इंधनाची काजळी बाहेर येते. गाडीचा खरा स्वभाव त्याच क्षणी दिसतो, म्हणून तिला तिथेच गाठायचं. आधीच्या एक-दोन रेसा सायलेन्सरमध्ये साठलेली काजळी झटकण्यासाठी, त्या धरत नाहीत. मग पुन्हा पुन्हा रेस देऊन जे आकडे एकमेकांच्या जवळ येतील, त्यांची सरासरी.

यंत्र अगदी साधं आहे. नळीतून धूर जातो, एका बाजूने प्रकाश टाकतात आणि दुसऱ्या बाजूला किती पोचला ते बघतात. जेवढा प्रकाश धुराने गिळला, तेवढा आकडा मोठा. जुन्या गाड्यांना मर्यादा २.४५, बीएस-४ गाड्यांना १.६२. आकड्याचं एकक सांगायला व्हॅनमधल्या कुणाला वेळ नसतो आणि विचारायचा धीर आपल्याला नसतो.

बाकी कारभार आता संगणकावर गेला आहे. नंबरप्लेटचा फोटो निघतो, कागदावर क्यूआर कोड येतो, नोंदवलेल्या मोबाइलवर मेसेज जातो. आमच्या गाडीला चिरंजीवांचा नंबर दिलेला. ते सध्या टोरांटोला. इथे दुपारी इंजिन किंचाळलं की तिथे भल्या पहाटे त्यांना कळतं, वडिलांची गाडी पास झाली.

पास झाली म्हणजे स्वच्छ आहे का? ही परीक्षा डोळ्यांना दिसणारा धूर मोजते. डिझेलचा दुसरा अवगुण नायट्रोजन ऑक्साइड. तो या यंत्राला दिसतच नाही. चाचणीपुरता हाच वायू दाबून ठेवण्याची फोक्सवॅगनची लबाडी २०१५ मध्ये अमेरिकेत उघडी पडली. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेनेही कंपनीच्या इथल्या गाड्या तपासल्या आणि कंपनीला भारतात सुमारे ३.२३ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. पंपाच्या कोपऱ्यातल्या व्हॅनला हे आयुष्यभर कळलं नसतं.

तरी मी या परीक्षेच्या बाजूचा आहे. तुंबलेला एअर फिल्टर, गळका इंजेक्टर हे ती बरोबर पकडते, आणि समोरच्या टेम्पोचा काळा लोट तोंडावर घेणाऱ्या दुचाकीस्वाराला तेवढंही पुष्कळ असतं. महाराष्ट्रात यासाठी २०२२ पासून दीडशे रुपये लागतात. पीयूसी नसेल तर कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड लिहिला आहे. गणित करायला अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवण्याचीही गरज नाही.

नव्या गाडीला पहिलं वर्ष माफ असतं. त्यानंतर बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांनी वर्षातून एकदा जायचं, त्याहून जुन्यांनी दर सहा महिन्यांनी. जाल तेव्हा गाडी घरून थेट गार अवस्थेत नेऊ नका, इंजिन चांगलं तापू द्या. गार इंजिन जास्त धुरतं आणि उगाच नापास होतं. एअर फिल्टर आधी बघून घ्या. आणि टायमिंग बेल्ट बदलायची मुदत उलटली असेल, तर पीयूसीच्या आधी गॅरेज गाठा. त्या रेसमध्ये बेल्ट तुटला, तर पुढचं बिल दीडशेत भागत नाही.